आग हे त्याचं घर: सॅलमँडरबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून गोष्ट खेळायच्या गेममधल्या आगीच्या मॉन्स्टरांवर लिहिलं तेव्हा सॅलमँडरच्या (वर माणसाचं धड, खाली सापाचं शरीर) वाट्याला दोनच ओळी आल्या होत्या, आणि पत्रं मात्र सगळ्यात जास्त त्या दोन ओळींवरच आली. मला मनापासून आनंद झाला, कारण टेबलावर येणाऱ्या सगळ्या आगीच्या प्राण्यांत हा मला सगळ्यात जवळचा, आणि सगळ्यात जास्त वायाही हाच जातो. म्हणून या वेळचं सगळं सदर त्याच्यावरच. नियमांचा विषय येईल तिथे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या एडिशनचं २०१४ चं मॉन्स्टर मॅन्युअल, म्हणजे मॉन्स्टरांचं पुस्तक, धरलंय, पत्रं लिहिणारे जवळपास सगळे तेच वापरतायत.

प्रश्न: ताई, मी आमच्या ग्रुपचा डीएम आहे, म्हणजे गोष्ट आणि मॉन्स्टर मी चालवतो. पाचव्या लेव्हलच्या चौघा प्लेयरांसमोर एक सॅलमँडर आणला, जंगलातल्या वाटेवर एकदम समोर उभा केला, वाटलं जाम घाबरतील. पण सगळे लांब पळाले, तिथून बाण आणि स्पेल (जादूचे मंत्र) मारत राहिले आणि तिसऱ्या राउंडला तो मेला. चॅलेंज रेटिंग (मॉन्स्टर किती अवघड त्याचा आकडा) ५ असून इतका फुसका कसा? एचपी (जीव मोजायचे पॉइंट) दुप्पट करू का? (एक डीएम, पुणे)

एचपीला हात लावू नकोस. ९० एचपी आणि १५ आर्मर क्लास (वार लागायला किती कठीण त्याचा आकडा) त्याला पुरेसा आहे, तुझी अडचण आकड्यांची नाही जागेची आहे. सॅलमँडरची सगळी ताकद जवळ आल्यावर चालते. त्याला जो जवळून वार लावेल किंवा नुसता शिवेल त्याला २ डी ६ (सहा बाजूंचे दोन डाइस टाकून येईल तेवढं) आगीचं डॅमेज बसतं, भाल्याच्या प्रत्येक फटक्यात आगीची भर असते, आणि त्याची शेपटी लागली की समोरचा गुंडाळला जातो, ग्रॅपल्ड आणि रिस्ट्रेन्ड (धरलेला आणि जखडलेला) दोन्ही, आणि एकदा गुंडाळला की पुढचा शेपटीचा वार आपोआप लागतो, डाइस टाकायचीही गरज नाही. हे सगळं जंगलाच्या वाटेवर काय कामाचं? तिथे त्याचा स्पीड ३० फूट आणि तुझ्या प्लेयरांचाही ३० फूट, ते मागे सरकत राहणार आणि हा चालत राहणार. भाला फेकला तरी नीट लागतो तो २० फुटांपर्यंत, आणि फेकला की हातचा गेला.

आता हाच सॅलमँडर एका जुन्या लोहारशाळेत ठेव. भट्ट्या पेटलेल्या, मधे वितळलेल्या धातूचं कुंड, एका बाजूचं छप्पर जळतंय, वर धूर दाटलाय. आग त्याला काहीच करत नाही, पूर्ण इम्युनिटी आहे, म्हणजे ती अख्खी खोली त्याच्यासाठी मोकळी आणि तुझ्या पार्टीसाठी (प्लेयरांच्या टोळीसाठी) निम्मी बंद. तो भट्टीत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर येईल, एखाद्याला शेपटीत धरून आगीकडे ओढत नेईल (ओढताना स्पीड निम्मा होतो पण खोलीत १५ फूट खूप झाले), आणि विझार्डने सवयीने फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा स्पेल) टाकला तर जळतील ते फक्त विझार्डच्या स्वतःच्या मित्रांचे कपडे आणि दाढ्या.

पण जागेपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे तो तिथे का आहे हे तुला माहीत हवं. बहुतेक डीएम सॅलमँडरला आगीचा लोळ समजून चालवतात, दिसला माणूस की धावला अंगावर, आणि तिथेच तो वाया जातो. त्याची इंटेलिजन्स ११ आहे, म्हणजे साध्या गावकऱ्याच्या बरोबरीची किंवा थोडी वरच. तो इग्नन, म्हणजे अग्नितत्त्वाची भाषा, बोलतो. तो कारागीर आहे, धातूचं काम त्याच्या हातात आहे. आणि पुस्तकातच त्याची गोष्ट दिलीय ती किती जण वाचतात कोण जाणे: इफ्रीत लोकांनी (आगीतल्या जिनांनी) आपलं पितळेचं शहर आधी एझर नावाच्या अग्निबुटक्यांकडून बांधून घेतलं, मग त्यांनाच गुलाम करायला गेले, ते जमलं नाही, तेव्हा सॅलमँडरांना पकडून लढायला आणि राबायला जुंपलं. म्हणजे तुझ्या समोर जो उभा आहे तो कुणाचा तरी पळून आलेला गुलाम असू शकतो, किंवा अजून गुलामच असेल आणि मालक बाजूच्या खोलीत असेल. पुस्तक त्याला दुष्ट म्हणतं, असू दे दुष्ट, पण दुष्टालाही सुटका हवी असतेच ना.

आणि पिल्लं विसरू नकोस. सॅलमँडरचं अंडं म्हणजे दोन फूट व्यासाचा धुमसणारा ऑब्सिडियनचा (ज्वालामुखीच्या काळ्या काचेचा) गोळा, त्यातून फायर स्नेक निघतो, तो वर्षभरात मोठा होऊन सॅलमँडर होतो. फायर स्नेक २२ एचपीचा, चॅलेंज रेटिंग १. भट्टीच्या निखाऱ्यांत असे दोन गोळे ठेव आणि त्यातला एक तडकायला आलेला दाखव. मग प्लेयरांनी भट्टी विझवायचं ठरवलं तर तो कसा लढेल ते बघ, आणि त्यांनी हात खाली केले तर कसा थांबेल तेही बघ. दोन्ही बाजूंनी सीन उभा राहतो, एचपी न वाढवता.

प्रश्न: आमच्या टेबलावर भांडण झालं. एका प्लेयरने सॅलमँडरवर पाण्याचं पिंप ओतलं आणि डॅमेज मागितलं. डीएम नाही म्हणाला. कोण बरोबर? (नाशिक)

डीएम बरोबर. पाण्याचा नियम आहे तो फायर एलिमेंटलला, त्याच्यावर पडणाऱ्या दर गॅलनला १ कोल्ड डॅमेज. सॅलमँडरला असं काही नाही. त्याला व्हल्नरेबिलिटी आहे ती कोल्ड डॅमेजची, म्हणजे रे ऑफ फ्रॉस्टसारखा साधा कॅन्ट्रिपसुद्धा (हवा तितक्यांदा टाकता येणारा छोटा स्पेल) दुप्पट लागतो, पण नुसतं पाणी म्हणजे कोल्ड डॅमेज नव्हे. हां, डीएम म्हणून मी पिंप ओतणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवणार नाही. तापलेल्या अंगावर एवढं पाणी पडलं की वाफेचा ढग उठणारच, एक राउंड दोघांनाही काही दिसत नाही असं धरायचं. कल्पना चांगली होती, तिला काहीतरी फळ मिळायला हवं.

प्रश्न: खरा सॅलमँडर मी टीव्हीवर बघितलाय, ओल्या पानांत राहणारा पिटुकला चार पायांचा प्राणी. त्याचा आगीशी काय संबंध? आणि गेममध्ये त्याला माणसाचं धड आणि सापाचं शरीर कुठून आलं? (इतिहासाची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

या प्रश्नासाठी मी जास्त जागा घेणार आहे.

युरोपातला फायर सॅलमँडर काळा कुळकुळीत, अंगावर पिवळेधमक ठिपके. त्याला गारवा आणि ओल लागते, कडक ऊन सोसत नाही. थंडीत तो पोकळ ओंडक्यांत, मुळांखाली, दगडांच्या फटीत शिरून पडून राहतो. आता असा ओंडका कुणी घरी आणून शेकोटीत टाकला तर काय होईल? ऊब लागली की जागा होऊन तो बाहेर येणार, आणि बघणाऱ्याला वाटणार की हा आगीतूनच जन्मला. त्यात त्याच्या कातडीतल्या ग्रंथींमधून चिकट, विषारी द्रव सुटतो, त्यामुळे क्षणभर तो आगीत टिकल्यासारखा वाटतही असेल. या समजुतीचा उगम असा लावतात आणि मला तो पटतो.

गंमत अशी की सगळ्यात जुन्या लिखाणात तो आगीचा प्राणी नाहीच, तो आग विझवणारा आहे. अ‍ॅरिस्टॉटलने प्राण्यांवरच्या ग्रंथात लिहिलंय की सॅलमँडर आगीतून चालत जातो आणि जाता जाता ती विझवतो, अशी लोकांची समजूत आहे. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात कारणही दिलं, त्याचं अंग इतकं थंड असतं की बर्फासारखी त्याच्या नुसत्या स्पर्शाने आग विझते. तो असंही सांगतो की हा फक्त मोठ्या पावसात दिसतो आणि आभाळ निवळलं की गायब होतो, आणि हे मात्र निरीक्षण अगदी बरोबर आहे. आणि मला प्लिनी आवडतो तो यासाठी की त्याच ग्रंथात पुढे तो स्वतःच शंका घेतो, हे खरं असतं तर रोममध्ये कधीच अनुभवाला आलं असतं की! (विषाबद्दल मात्र त्याची खात्री होती, सॅलमँडर झाडावर चढला तर त्यावरची सगळी फळं विषारी होतात म्हणतो. हे कुणीतरी आपल्या कॅम्पेनमध्ये (अनेक बैठकांत चालणाऱ्या गोष्टीत) वापरा, एका गावाची आख्खी बाग अशी गेलीय आणि कारण कुणाला कळत नाहीये.)

पुढे थंडपणा मागे पडला आणि आगीत राहणं तेवढं उरलं. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याने सोळाव्या शतकात ज्वाळांतला सॅलमँडर आपलं चिन्ह केलं, सोबत लॅटिन बोधवाक्य, त्याचा अर्थ साधारण असा की मी पोसतो आणि मी विझवतो. त्याच्या शाम्बोरच्या महालात छतावर भिंतींवर शेकडो सॅलमँडर कोरलेत. त्याच्याच दरबारात काम केलेला इटालियन सोनार आणि शिल्पकार बेन्व्हेनुतो चेल्लीनी, त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की तो पाच वर्षांचा असताना वडिलांना चुलीतल्या ज्वाळांत पालीसारखा एक प्राणी खेळताना दिसला, त्यांनी याला बोलावून दाखवला आणि सणसणीत कानाखाली ठेवून दिली. पोरगं रडायला लागलं तेव्हा समजूत काढत म्हणाले, तुझं काही चुकलं नाही, तू बघितलास तो सॅलमँडर होता आणि हे तुझ्या कायम लक्षात राहावं म्हणून मारलं. वर थोडी नाणीही हातावर ठेवली. आगीतला सॅलमँडर दिसणं ही त्या माणसाला आयुष्यभर जपण्याची गोष्ट वाटत होती, आणि मला वाटतं टेबलावर तो दिसला की आपल्या प्लेयरांनाही थोडं तसंच वाटायला हवं.

आता तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग. प्राण्याचा माणूस करणारा म्हणजे पॅरासेल्सस, १४९३ ते १५४१ या काळातला स्विस वैद्य. त्याने मांडलं की चारही तत्त्वांत आपापले रहिवासी आहेत, पाण्यात अप्सरा किंवा अंडीन, हवेत सिल्फ, जमिनीत पिग्मी म्हणजेच नोम, आणि आगीत सॅलमँडर. मासा जसा पाण्यात बुडत नाही तसे हे आपापल्या तत्त्वात बुडत नाहीत. त्याचा तो ग्रंथ मृत्यूनंतर १५६६ मध्ये छापला गेला आणि त्यात सॅलमँडरांचं वर्णन लांब, अरुंद, सडपातळ असं आहे. बघ, इथे चार पायांचा प्राणी कुठल्या कुठे गेला आणि आगीत राहणारी एक जमात तयार झाली, जिला बोलता येईल, जिला मन असेल. १९७७ च्या पहिल्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये सॅलमँडर येतो तो थेट अग्नितत्त्वाच्या प्लेनवरून (आगीच्या दुनियेतून), वर माणसासारखं धड, खाली साप, हातात धातूचा तापलेला भाला. सापाचं शरीर नेमकं का निवडलं याचा पुरावा माझ्याकडे नाही म्हणून त्यावर मी काही ठोकून देत नाही, पण तत्त्वाचा रहिवासी ही सगळी कल्पना पॅरासेल्ससची आहे, आणि म्हणूनच वरच्या पुण्याच्या उत्तरात मी जागा जागा करत होते.

प्रश्न: सॅलमँडर मारल्यावर त्याच्या कातडीचा फायरप्रूफ झगा करता येईल का? डीएम म्हणतो पुस्तकात नाही. (औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर)

पुस्तकात नाही पण इतिहासात आहे. मध्ययुगात युरोपात प्रेस्टर जॉन नावाच्या कल्पित ख्रिस्ती राजाचं एक पत्र फिरत होतं, त्यात त्याच्या राज्यात सॅलमँडर नावाचे किडे आगीत राहतात, रेशमाच्या किड्यांसारखे कोश विणतात आणि त्या धाग्याचं कापड धुवायचं तर पाण्यात नाही, आगीत टाकायचं असं वर्णन आहे. मग तेराव्या शतकात मार्को पोलो पूर्वेकडे जाऊन आला आणि त्याने ठणकावून सांगितलं, सॅलमँडर हा प्राणीच नाही, ते डोंगरातून खणून काढलेलं खनिज आहे, ते कुटून धुवून लोकरीसारखे तंतू निघतात, त्याचं कापड विणतात आणि आगीत टाकलं की बर्फासारखं पांढरं होऊन निघतं. तो बोलत होता अ‍ॅस्बेस्टॉसबद्दल. आपल्याकडच्या जुन्या घरांवरच्या, शेडवरच्या सिमेंटच्या पत्र्यांत असतो तोच तंतू, आणि तो श्वासातून फुफ्फुसात गेला की काय करतो हे आता सगळ्यांना माहीत आहे.

तेव्हा डीएमला म्हणावं झगा दे, फायर रेझिस्टन्स दे, पण त्यासाठी कुणाला मारून सोलायला लावू नकोस. सॅलमँडर स्वतः कारागीर आहे. त्याला सोडवा, आणि त्याने तो विणून द्यावा. आणि झग्याला किंमत हवी असेल तर ती मार्को पोलोच्या कापडाचीच घे, रोज घालणाऱ्याला हळूहळू दम लागायला लागतो.

प्रश्न: माझा बारा वर्षांचा मुलगा हा गेम खेळायला लागल्यापासून खरा सॅलमँडर पाळायचा म्हणून मागे लागलाय. दर पावसाळ्यात आम्ही आंबोलीला जातो, तिथे मिळतो का म्हणतो. काय सांगू? (एक आई, डोंबिवली)

त्याला सांगा की आंबोलीत सॅलमँडर नाही, सह्याद्रीत कुठेच नाही. भारतात ते पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडे आहेत, दार्जिलिंगच्या डोंगरांतल्या तळ्यांत पावसाळ्यात अंडी घालायला येतात, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, त्यामुळे पाळण्याचा प्रश्नच येत नाही. पण त्याचा उत्साह मोडू नका हो. उभयचर प्राण्यांचे तीन गट, बेडूक, सॅलमँडर आणि देवगांडूळ, यातले पहिला आणि तिसरा आंबोलीत भरपूर. देवगांडूळ म्हणजे बिनपायांचा, मातीत राहणारा, गांडुळासारखा दिसणारा पण पाठीचा कणा असलेला प्राणी. आणि तिथे एक टोड आहे, आंबोलीच्याच नावाचा, फक्त त्या परिसरात सापडणारा, अत्यंत धोक्यात असलेला. रात्री टॉर्च घेऊन, हात न लावता, वाटेवर पाय जपून टाकत बघायला न्या त्याला.

आणि युरोपातल्या खऱ्या फायर सॅलमँडरचं काय चाललंय तेही सांगा, बारा वर्षांच्या मुलाला कळतं. नेदरलँड्समध्ये त्यांची संख्या अचानक कोसळली, जवळजवळ संपलेच, आणि २०१३ मध्ये कारण सापडलं, कातडी खाणारी एक बुरशी. ती आशियातून पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून तिकडे पोचली असं शास्त्रज्ञांचं मत आहे, म्हणजे कुणाच्या तरी घरातल्या काचेच्या पेटीसाठीच. त्या बुरशीला गारवा मानवतो. प्रयोगशाळेत आजारी सॅलमँडरांना २५ अंशांवर १० दिवस ठेवलं तर ती मरते आणि ते बरे होतात. जंगलात हे करता येत नाही, पण हजारो वर्षं ज्याच्याबद्दल आगीच्या कथा सांगितल्या त्याला थोड्याशा उबेने वाचवता येतं हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

प्रश्न: चार्मँडर सॅलमँडर आहे का? (इयत्ता पाचवी, सातारा)

हो, नावातच आहे. १९९६ च्या पहिल्या पोकेमॉन गेमपासून तो आहे आणि त्याच्या शेपटीवरची ज्योत म्हणजे त्याचा जीव. दिसायला सरड्यासारखा आणि पुढे चारिझार्ड झाला की पंखवाला, म्हणजे खऱ्या सॅलमँडरपासून बराच लांब, पण आग त्याच्या अंगाचाच भाग आहे ही गोष्ट त्यांनी सोडली नाही म्हणून मला तो आवडतो.

प्रश्न: मी आपल्याकडच्या कथांवर कॅम्पेन करतोय. युरोपचा सॅलमँडर नकोय, आपल्या पुराणांत आगीत राहणारा असा कुणी आहे का? (नागपूर)

आगीत राहणारा नाही पण आगीत अडकलेला आहे, आणि टेबलासाठी तो जास्त चांगला आहे. महाभारताच्या वनपर्वात नलाची कथा येते. दमयंतीला झोपेत सोडून नल रानात भटकतोय, समोर वणवा पेटलेला, आणि आतून कुणीतरी नाव घेऊन हाक मारतंय. नलाला अग्नीचा वर होता, तो सरळ आत गेला. आत कर्कोटक नाग वेटोळं घालून पडलेला. त्याने नारदाला फसवलं म्हणून शाप होता, नल येईपर्यंत जागचा हलू शकणार नाहीस. नाग अंगठ्याएवढा लहान झाला, नलाने उचलून बाहेर आणला, आणि नाग म्हणाला पावलं मोजत चाल, मी तुझं भलं करीन. दहाव्या पावलाला त्याने नलाला दंश केला. नलाचं रूप बदललं, ओळखू न येणारा कुरूप माणूस झाला. आणि मग नागाने उलगडून सांगितलं, या विषाचा त्रास तुला होणार नाही, तुझ्या अंगात शिरलेल्या कलीला होईल. बाहुक नाव घेऊन अयोध्येला ऋतुपर्णाकडे सारथी म्हणून जा, आणि मूळ रूप हवं तेव्हा ही वस्त्रं अंगावर घाल.

याहून चांगलं एन्काउंटर मला तरी सुचणार नाही. पार्टीला वणव्यात प्रचंड साप दिसतो, ज्यांनी मॉन्स्टर मॅन्युअल वाचलंय ते लगेच सॅलमँडर म्हणून कोल्ड स्पेल काढणार, आणि साप मात्र हलत नाहीये, हाक मारतोय. त्याचे आकडे लिहूच नकोस, तो लढणार नाहीये, वणवाच इथला धोका आहे, दर राउंडला वाढत जाणारा. त्याआधीच्या काही सेशनमध्ये एका प्लेयरच्या अंगात काहीतरी शिरल्याच्या खुणा पेरून ठेव, हरायला लागलेले डाव, विनाकारण चढणारा राग, काय ते. सापाला उचलून नेणाऱ्याला पावलं मोठ्याने मोजायला लाव. दंशानंतर त्याचा करिश्मा आणि चेहरा दोन्ही जातात, ओळखीचे लोक त्याला ओळखत नाहीत, पण आतल्या त्या शक्तीला रोज सकाळी विषाचं डॅमेज बसतं आणि ते तू पडद्यामागे टिपून ठेवतोस. वस्त्रं त्याच दिवशी हातात दे. लवकर घातली तर रूप परत येईल पण विष थांबेल आणि आतला तो जिवंत राहील, एवढं सापाच्या तोंडून एकदा स्पष्ट सांग, आणि मग कधी घालायची ते पूर्णपणे त्या प्लेयरवर सोड.